किनारा सर्वांचा, खोली कुणाची?

कोकणात दोन पुरुषांना एक खोली मिळायला सहसा अडचण येत नाही. हर्णै असो, गुहागर असो, तारकर्ली असो. दोघे मित्र आलेत, मासे खातील, समुद्रात डुंबतील, रात्री बसतील आणि सकाळी उशिरा उठतील, एवढाच हिशोब मालकाच्या मनात असतो. आधार कार्डांच्या झेरॉक्स घेतल्या की किल्ली हातात. तेच एक मुलगा नि एक मुलगी आली की वहीवरचं बोट थांबतं. आडनावं वेगळी आहेत का, गळ्यात मंगळसूत्र आहे का, हे नजर आधी टिपते. ‘आमच्याकडे फक्त फॅमिली’ हे वाक्य पाटीवर लिहिलेलं असो वा नसो, ऐकायला मिळतंच.

म्हणजे समलिंगी पुरुषांच्या जोडप्याला कोकणचा किनारा आजही खुला आहे. अट एकच: ते जोडपं आहे हे कुणाला कळता कामा नये. डबल बेड मागायचा नाही, ‘दोन सिंगल चालतील’ म्हणायचं. फोटो काढायला तिसऱ्या कुणाला सांगितलं तर खांद्यावर हात टाकायचा, कमरेवर नाही. दोन मुली आल्या तर ‘दोघीच? सोबत कुणी नाही?’ अशी काळजीच्या सुरातली चौकशी होते. ती काळजी किती आणि पाळत किती, हे त्या दोघींना बरोबर कळतं. आणि तृतीयपंथी व्यक्ती आली तर? तिला लपण्याची सोयच नसते. आधार कार्डावरचं नाव, समोरचा चेहरा आणि आवाज यांचा मेळ बसत नाही, तेवढ्यात सगळ्या खोल्या ‘आत्ताच भरलेल्या’ असतात.

किनारा किती मोकळा आहे हे मोजायचं तर या शेवटच्या माणसापासून मोजायला सुरुवात करावी. पर्यटनाचा धंदा नेमकं उलटं करतो.

‘एलजीबीटी-फ्रेंडली’, म्हणजे समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी (ट्रान्सजेंडर) लोकांना मोकळे असलेले समुद्रकिनारे, अशा याद्या दर मोसमात निघतात. स्पेनचं सिट्जेस, ग्रीसचं मिकोनोस, मेक्सिकोचं पोर्तो व्हायार्ता, अमेरिकेतलं प्रॉव्हिन्सटाऊन, थायलंडचं फुकेत ही नावं ठरलेली. भारतातून कुणाला घ्यायचंच झालं तर गोवा. असल्या याद्यांना नाकं मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. ज्याला परक्या गावात जोडीदारासोबत उतरायचं आहे आणि मार खायचा नाही, त्याला अशी माहिती लागतेच. पण या याद्या मोजतात काय? बार किती, क्लब किती, हॉटेलच्या दारात इंद्रधनुषी झेंडा आहे की नाही, मिरवणूक कोणत्या महिन्यात निघते. या सगळ्या पाहुण्याच्या सोयी झाल्या. त्याच किनाऱ्यावर जन्मलेल्या आणि तिथेच राहू पाहणाऱ्या समलिंगी किंवा पारलिंगी माणसाचं काय, हा प्रश्न यादीत बसत नाही. माझ्या मते मोजायचं तर तेवढंच मोजावं. बाकी सगळं दरपत्रकात येतं.

मालदीव घ्या. मुंबई-पुण्यातली नवविवाहित जोडपी हल्ली हौसेनं जातात तिथे. तिथल्या कायद्यात समलिंगी संबंध हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. तरीही आलिशान रिसॉर्टच्या बेटावर उतरलेल्या परदेशी जोडप्याला सहसा कुणी काही विचारत नाही. कारण तिथे दोन देश आहेत. एक रिसॉर्टच्या बेटांचा, जिथे दारू मिळते आणि बिकिनी चालते. दुसरा मालदीवच्या लोकांचा, जिथे ही दोन्ही चालत नाहीत. पाहुणा स्पीडबोटीनं पहिल्या देशात उतरतो, तिथूनच परत जातो, आणि त्याला ताट वाढणारा पोरगा सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या देशात घरी जातो. तो पोरगा स्वतः समलिंगी असेल तर? पाहुण्यानं त्या बेटावर जे स्वातंत्र्य उपभोगलं, ते रात्रीच्या भाड्यात धरलेलं होतं. श्रीलंकेतही समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं, इंग्रजांनी दिलेलं 365 क्रमांकाचं कलम अजून पुस्तकात आहे, आणि दक्षिण किनाऱ्यावरची हॉटेलं मात्र सर्वांचं स्वागत करतात.

भाड्यानं घेतलेलं स्वातंत्र्य किती टिकतं, याचा दाखला स्पेनच्याच किनाऱ्यावर आहे. आज स्पेन म्हटलं की समलिंगी विवाहाला 2005 मध्येच मान्यता देणारा देश आठवतो. पण 1960च्या दशकात तिथे फ्रँकोची हुकूमशाही होती, कॅथलिक चर्चचा वचक होता, आणि सरकारला परकीय चलन हवं होतं. मालागाजवळचं तोरेमोलिनोस हे मच्छीमारांचं गाव त्या चलनासाठी पर्यटनाला मोकळं सोडण्यात आलं. ब्रिटिश, जर्मन, स्वीडिश लोक येऊ लागले. उंच हॉटेलं उठली. पासाहे बेगोन्या नावाच्या एका गल्लीत असे बार उघडले, की जिथे पुरुष पुरुषांसोबत आणि बाया बायांसोबत बसू शकत. राजधानीत जे स्वप्नातही शक्य नव्हतं ते या गल्लीत रोज रात्री चालत होतं. पोलिसांना दिसत नव्हतं असं नाही. पर्यटकांचा पैसा येत होता तोवर त्यांनी तिकडे पाहिलं नाही, एवढंच.

24 जून 1971च्या रात्री त्यांनी पाहायचं ठरवलं. गल्लीची दोन्ही तोंडं अडवली. तीनशेहून अधिक लोकांची ओळख तपासली, 114 जणांना अटक केली. आरोप नैतिकतेला आणि चांगल्या चालीरीतींना बाधा आणल्याचा. परदेशी पाहुण्यांना देशाबाहेर काढलं. स्पॅनिश माणसांसाठी समलिंगी लोकांना ‘समाजाला धोकादायक’ ठरवणारा 1970चा कायदा तयारच होता. तो त्या अंगानं लागू होणं 1979 मध्ये थांबलं. बार बंद पडले, गल्ली ओसाड झाली. 2018 मध्ये आंदालुसियाच्या संसदेनं त्या गल्लीला ऐतिहासिक स्मृतिस्थळाचा दर्जा दिला. आता तिथे पर्यटक फोटो काढतात.

मला या कथेतलं एक तपशील फार महत्त्वाचं वाटतं. ज्या राजवटीनं ती गल्ली फुलू दिली, तिनंच ती मोडली. मधल्या दहा वर्षांत कायदा माणुसकीच्या दिशेनं बदलला नव्हता, उलट कडक झाला होता. परकीय चलनाच्या हिशोबाची सोय म्हणून मिळालेली सूट होती ती, एका रात्रीत काढून घेता आली. नंतर जे टिकाऊ काम झालं ते हुकूमशाही गेल्यावर रस्त्यावर उतरलेल्या स्पॅनिश लोकांनी केलं.

आपल्याकडे असं होत नाही म्हणावं, तर मढ आणि अक्सा आठवतात. ऑगस्ट 2015 मध्ये मुंबईच्या उत्तर टोकाच्या या दोन किनाऱ्यांजवळच्या हॉटेलांवर पोलिसांनी छापे घातले आणि चाळीसच्या आसपास जोडपी ठाण्यात नेली. मुलगा-मुलगी अशी साधी जोडपी, सज्ञान, ओळखपत्रं दाखवून बंद खोलीत राहिलेली. कलम लावलं सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तनाचं. बंद दाराआडची खोली सार्वजनिक ठिकाण कशी होते, हे कुणी विचारायच्या आत काही मुलींच्या घरी फोन गेले होते. गदारोळ झाला, पोलीस आयुक्तांनी चौकशीचे आदेश दिले. डिसेंबर 2019 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं, की अविवाहित जोडप्यानं हॉटेलच्या खोलीत राहण्याला मनाई करणारा कायदा या देशात नाही. तरी जानेवारी 2025 मध्ये ओयोनं मीरतमधल्या आपल्या भागीदार हॉटेलांना अविवाहित जोडप्यांना नकार देण्याची मुभा दिली. म्हणजे गाडं पुन्हा मागे.

यात एलजीबीटीचा काय संबंध, असं कुणी म्हणेल. संबंध सरळ आहे. जो मालक नातं विचारल्याशिवाय खोली देत नाही, त्याच्याकडे समलिंगी जोडप्याला कधीच खरं उत्तर देता येणार नाही. 2023च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. त्यामुळे ‘लग्नाचा पुरावा दाखवा’ या मागणीपुढे अविवाहित मुलगा-मुलगी निदान पुढेमागे लग्न करू शकतात. दोन पुरुष किंवा दोन बाया तेही करू शकत नाहीत. ‘फक्त फॅमिली’ ही पाटी मुलामुलींना थांबवते आणि यांना कायमचं बाहेर ठेवते. कोकण किनाऱ्यावर समलिंगी जोडप्यांसाठी काही करायचं असेल, तर पहिली लढाई याच पाटीशी आहे.

आता गोवा. गोव्याची कीर्ती मोकळेपणाची. हणजूण, वागातोर, मोरजीच्या पट्ट्यात समलिंगी जोडप्यांना उतरायला जागा मिळते, पार्ट्या होतात, हिवाळ्यात देशभरातून लोक जमतात. पण हा गोवा बहुतांशी बाहेरच्यांनी बाहेरच्यांसाठी चालवलेला. जानेवारी 2015 मध्ये याच राज्याचे तेव्हाचे क्रीडा व युवक व्यवहार मंत्री रमेश तवडकर यांनी युवा धोरण जाहीर करताना एलजीबीटी तरुणांना ‘नॉर्मल’ करण्यासाठी केंद्रं काढण्याची, गरज पडल्यास औषधं देण्याची भाषा केली. देशभर टीका झाली, मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकरांनी त्या विधानापासून अंतर राखलं, आणि मंत्र्यांनी आपल्या बोलण्याचा विपर्यास झाल्याचं सांगितलं. तेही खरं धरू. पण लक्षात घ्या, ते बोलणं हणजूणच्या पर्यटकांविषयी नव्हतं. ते गोव्यातल्या पोरांविषयी होतं. पाहुण्याला नाचू द्यायचं, आपल्या पोराला सुधारायचं.

याच गोव्यात दुसरंही एक उदाहरण आहे, आणि ते मला कुठल्याही पार्टीपेक्षा मोठं वाटतं. वस्त्रकार वेंडेल रॉड्रिक्स बार्देशातल्या कोलवाळ गावात राहिले. 2002 मध्ये त्यांनी आपल्या फ्रेंच जोडीदारासोबत, जेरोम मारेल यांच्यासोबत, फ्रेंच कायद्याखालचा सहजीवनाचा करार गोव्यातच केला. तेव्हा आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं 377 कलम जागच्या जागी होतं. रॉड्रिक्स त्यानंतरही त्याच गावात राहिले, कुणबी साडी पुन्हा प्रचारात आणायला झटले, गोव्याच्या पेहरावाचं संग्रहालय उभारायला घेतलं, गावच्या प्रश्नांवर उघडपणे बोलले, 2014 मध्ये पद्मश्री घेतली आणि फेब्रुवारी 2020 मध्ये कोलवाळलाच गेले. त्यांच्याकडे नाव होतं, पैसा होता, ओळखी होत्या. सगळ्यांना हे जमणार नाही, मान्य. तरी एखादं गाव आपल्या माणसाला आपल्यातच ठेवून घेऊ शकतं, हे कोलवाळनं दाखवलं. गोवा फ्रेंडली आहे का, असं मला कुणी विचारलं तर मी हणजूणच्या क्लबांकडे बोट दाखवणार नाही.

पर्यटनाच्या बैठकांत हल्ली एक वाक्य फार ऐकू येतं: हा ग्राहकवर्ग खर्च करणारा आहे, दोघेही कमावते, पोरंबाळं नाहीत, तेव्हा आपण त्यांचं स्वागत केलं पाहिजे. अनेक चांगल्या मनाचे कार्यकर्तेही हाच मुद्दा पुढे करतात, कारण सरकारी अधिकाऱ्याला माणुसकीपेक्षा महसूल लवकर कळतो. मला हा युक्तिवाद घातक वाटतो. खर्च करतो म्हणून स्वागत, तर खर्च करत नाही त्याचं काय? कोकण रेल्वेच्या जनरल डब्यात टाळ्या वाजवून पैसे मागणारी तृतीयपंथी व्यक्ती कधी सहलीला जाऊ शकते, तिलाही समुद्र पाहावासा वाटतो, हे या हिशोबात कुठेच येत नाही. तिच्याकडे आपण फक्त उपद्रव म्हणून पाहायला शिकलोय. शिवाय महसुलावर उभी असलेली मैत्री महसूल आटला की आटते. तोरेमोलिनोसला तेच झालं.

थायलंडचं उदाहरण दोन्ही बाजूंनी दिलं जातं, म्हणून थोडं नीट पाहायला हवं. तिथल्या पर्यटन खात्यानं वर्षानुवर्षं समलिंगी पर्यटकांना उघड आवतण दिलं. पण त्या सगळ्या काळात थाई जोडप्यांना लग्न करता येत नव्हतं. तो हक्क जानेवारी 2025 पासून मिळाला, आणि मिळाला तो तिथल्या कार्यकर्त्यांनी खूप वर्षं संसदेत आणि रस्त्यावर रेटा लावल्यामुळे. अजूनही पारलिंगी थाई स्त्रीच्या ओळखपत्रावर पुरुषाचंच संबोधन राहतं. इथे आपण, निदान कागदावर, पुढे आहोत: सर्वोच्च न्यायालयाच्या 2014च्या नालसा निकालानं आणि 2019च्या तृतीयपंथी हक्क संरक्षण कायद्यानं तृतीयपंथी ओळखीला मान्यता दिली. हा कायदा अनेक बाबतींत तोकडा आहे, प्रमाणपत्राच्या खेपा घालणाऱ्यांना विचारा. तरी निवास, सेवा, सार्वजनिक सोयी यांत तृतीयपंथी व्यक्तीशी भेदभाव करता येणार नाही, एवढं त्याच्या तिसऱ्या कलमात स्वच्छ लिहिलेलं आहे. ‘आत्ताच भरल्या’ म्हणणाऱ्या किती मालकांना ते माहीत असेल?

कायद्याचा विषय निघालाच आहे तर मुळाशी जाऊ. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सज्ञानांमधल्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून बाहेर काढलं, हे सर्वांना ठाऊक आहे. पण गुन्हा नाही याचा अर्थ हॉटेल मिळेल, असा होत नाही. त्यासाठी वेगळं कलम लागतं, आणि ते कलम आपल्या संविधानात पहिल्या दिवसापासून आहे. अनुच्छेद 15 चं दुसरं उपकलम. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांपैकी केवळ कोणत्याही कारणावरून कुणाही नागरिकाला दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीची सार्वजनिक ठिकाणं इथे अडवता येणार नाही. तसंच विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि लोकांसाठी असलेल्या जागा यांच्या वापरालाही अडवता येणार नाही. हे उपकलम सरकारपुरतं नाही, खासगी मालकालाही लागू आहे. ‘लिंग’ या शब्दात लिंगओळख येते हे 2014च्या निकालानं सांगितलं, आणि लैंगिक कलावरून होणारा भेदभावही त्यात येतो, असं विवेचन 2018च्या निकालपत्रांत आहे. समुद्रकिनारा म्हणजे स्नानाचा घाटच की. आणि हॉटेल तर नावानिशी आलंय.

हे उपकलम आलं कुठून, याचं उत्तर शोधायला कोकणाबाहेर जावं लागत नाही. 1923 मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत. धर्मशाळा, म्हणजे प्रवाशाला रात्रीपुरती मिळणारी जागा, त्या ठरावात होती. महाड नगरपालिकेनं 1924 मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी घेतलं तेव्हा काय झालं, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको: लाठ्या, अफवा, तळ्याचं ‘शुद्धीकरण’, मग दावे. उच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल 1937 मध्ये लागला. नोव्हेंबर 1948 मध्ये याच उपकलमावरच्या चर्चेत संविधान सभेत ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ विचारला गेला. दुकान म्हणजे नुसती आत शिरण्याची जागा नाही, अटी मान्य असतील तर सेवा मिळण्याची हमी त्यात आहे, असा खुलासा आंबेडकरांनी केला.

जातीचं दुःख आणि लैंगिकतेचं दुःख एकच आहे असं मी म्हणत नाही. तशी तुलना करणारे बहुधा दोन्हींपैकी एकही भोगलेले नसतात. मी म्हणतोय ते एवढंच, की प्रवाशाला दारातून परतवणं हा मालकाचा खासगी मामला आहे, हे मत या भूमीत शंभर वर्षांपूर्वी वादाला आलं, हरलं आणि संविधानात त्याचा निकाल लागला. मुंबईहून गणपतीपुळ्याला किंवा मालवणला निघालेली गाडी महाडवरूनच जाते. तिथल्या मालकानं ‘माझं घर, माझे नियम’ म्हणण्याआधी वाटेतलं गाव आठवावं.

तरीही त्या मालकाची बाजू आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. कोकणातले बरेचसे मुक्काम म्हणजे हॉटेलं नसतात. पर्यटन खात्याच्या न्याहारी-निवास योजनेत नोंदवलेली घरं असतात. मागच्या पडवीत दोन खोल्या काढलेल्या, स्वयंपाकघर एकच, अंगणात म्हातारी तांदूळ निवडत बसलेली. शनिवारी शहरातून टोळकी येतात, दारू पितात, स्पीकर लावतात, बाटल्या माडाच्या बुंध्याशी फोडून जातात. ‘फक्त फॅमिली’ ही पाटी बहुतेकदा या टोळक्यांना कंटाळून लागलेली असते. समलिंगी लोकांचा तर त्या मालकानं कधी विचारही केलेला नसतो. शिवाय पोलिसांची भीती. ‘आमचं काही म्हणणं नाही हो, पण उद्या ठाण्यावरून माणूस आला तर?’ हा प्रश्न खोटा नाही. मढ-अक्सानं तो खरा करून ठेवलाय.

माझं उत्तर असं. नियम करावेत, पण वागण्याचे. दहानंतर आवाज नको, दारू नको, मांसाहार नको, बाटली फोडली तर अनामत जप्त. हे नियम नवरा-बायकोलाही लागू, चार मित्रांनाही, दोन बायकांनाही. घर म्हणून जपायचं तेवढं जपावं. पण पैसे घेऊन, नोंदणी करून, रस्त्यावर फलक लावून खोली द्यायची ठरवली, की नात्याची चौकशी करण्याचा हक्क त्या फलकाबरोबर संपतो. गोंगाट करणाऱ्या आठ जणांच्या सोज्वळ ‘फॅमिली’पेक्षा लवकर झोपणारी दोन माणसं मालकाला परवडतात, हे त्यालाही ठाऊक असतं.

आणखी एक आक्षेप संस्कृतीचा. त्याला उत्तर म्हणून दशावताराचा दाखला देणारे भेटतात: पुरुषानं लुगडं नेसून रात्रभर राणी उभी करायची आणि गावानं दाद द्यायची, मग आपली परंपरा मोकळीच नाही का? मला हा दाखला पुरेसा वाटत नाही. रंगमंचावरच्या राणीला दाद देणारा प्रेक्षक सकाळी शेजारच्या बायल्या पोराची टर उडवतो, आणि दोन्ही करताना त्याला काही विसंगत वाटत नाही. परंपरेत पुरावे शोधत बसण्यापेक्षा त्या शेजारच्या पोराकडे यावं.

कारण हा पोरगा आहे. तो शिकला, मुंबईला गेला, विरार किंवा डोंबिवलीला राहतो, तिथे त्याचा जोडीदार आहे. गणपतीला तो चाकरमानी म्हणून गावी येतो आणि एकटा येतो. आरतीनंतर काकी विचारते, ‘काय रे, लगीन कधी करतलंस?’ तो हसतो. देवगड, वेंगुर्ला, आचरा ही गावं यादीत कधी फ्रेंडली म्हणून आली, तर परगावचं जोडपं तिथे दोन रात्री राहून जाईल. याला मात्र स्वतःच्या किनाऱ्यावर स्वतःच्या माणसासोबत चालता येणार नाही. गावातल्या मुलीचं तर याहून बिकट. तिला मुंबईला जायची मोकळीकही मिळेलच असं नाही. पर्यटन धोरणं लिहिणाऱ्यांना हे काम आपलं वाटत नाही, पण गावातला माणूस बदलायला पाहुणा उपयोगी पडतो, हेही तितकंच खरं. होमस्टे चालवणाऱ्या बाईनं दोन पुरुषांना सकाळी घावणे वाढले, त्यांच्याशी पावसाच्या, फणसाच्या गप्पा मारल्या, आणि ते दोघे लपून न राहता जोडपं म्हणून राहून गेले, तर पुढच्या गणपतीत आपल्या पुतण्याकडे ती थोडं वेगळ्या नजरेनं पाहील. पाहील असं वाटतं. खात्री कोण देणार? पण त्या दोघांनी ‘मित्र’ म्हणूनच राहायचं असेल, तर ही शक्यताही उरत नाही.

मग करायचं काय? मला महोत्सव नको आहेत, किनाऱ्यावर रंगीत बाकडी नकोत, ‘देशातला पहिला’ वगैरे घोषणा तर नकोतच. न्याहारी-निवास आणि हॉटेल नोंदणीच्या अटींत एक ओळ घालावी: जात, धर्म, वैवाहिक स्थिती, लिंगओळख, लैंगिक कल यांवरून सज्ञान पाहुण्याला नाकारता येणार नाही. महाराष्ट्रानं 2023 मध्ये महिलांसाठी ‘आई’ नावाचं पर्यटन धोरण आणलं. म्हणजे पाहुणा सरसकट एकसारखा नसतो, हे खात्याला कळतं. गोवा सरकारला तर हे जास्त सोपं, त्यांचा गल्लाच या प्रतिमेवर चालतो. पोलीस अधीक्षकांनी किनाऱ्यावरच्या ठाण्यांना लेखी सांगावं, की नोंदवहीत नाव, पत्ता, ओळखपत्र पाहा. नातं पाहू नका. किनाऱ्यावर कपडे बदलायला एकेका माणसापुरत्या बंद खोल्या बांधाव्यात. त्या आज बायकांनाही धड मिळत नाहीत, तृतीयपंथी व्यक्तीला तर ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ या दोन्ही दारांतून हाकलतात. एकेकटी बंद खोली सगळ्यांचाच प्रश्न सोडवते.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल सहलीच्या आनंदात कुणी बोलत नाही. दरवर्षी आपल्या किनाऱ्यांवर माणसं बुडतात. दोघांपैकी एकाचं असं झालं, तर तालुक्याच्या रुग्णालयात दुसऱ्याला विचारतात, ‘तुम्ही कोण?’ केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं ऑगस्ट 2024 मध्ये राज्यांना पत्र पाठवून, जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावं यासाठी पावलं उचलायला सांगितलं आहे. हे पत्र दापोली, मालवण, पेडणे इथल्या रुग्णालयांच्या टेबलापर्यंत पोचलं आहे का, हे विचारायला विधानसभेत एक तारांकित प्रश्न पुरे. जिल्हा शल्यचिकित्सकांची एक बैठक पुरे. पावसाळ्यात किनाऱ्यावरचा धंदा तसाही थंडावलेला असतो. नोंदणीची अट, ठाण्यांना पत्र, रुग्णालयांना सूचना, ही तिन्ही कामं तेवढ्या काळात होण्यासारखी आहेत. नव्या कायद्याची वाट यातल्या एकालाही पाहावी लागत नाही.